एवढ्या मोठ्या घरात बाया निजायच्या कुठं?

चुलीपुढचं आवरून, हात पुसून रेडिओजवळ बसला असाल असं धरून चालते.

आज एका घराची गोष्ट सांगणार आहे. घर लांबचं आहे, इटली देशातलं, तिथल्या शेतमळ्यातलं. ही ताई हप्ते आणि पासबुकं सोडून इटलीला कुठं निघाली, असं वाटेल. त्याचं कारण आधी सांगते.

२०२४ च्या जून महिन्यात इटलीत जी-सात देशांची बैठक झाली. मोठमोठ्या देशांचे प्रमुख जमले होते, आपले पंतप्रधानही पाहुणे म्हणून गेले होते. टीव्हीवर ती जागा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. पिवळसर पांढऱ्या दगडाच्या भिंती, कमानी, आजूबाजूला ऑलिव्हची झाडं. ते एक हॉटेल आहे, बोर्गो एन्यात्सिया नावाचं, पुलिया प्रांतात. हॉटेल याच शतकात बांधलेलं, पण धाटणी घेतली तिथल्या जुन्या गावांची आणि शेतघरांची. त्या शेतघरांना तिकडे मस्सेरिया म्हणतात. गटाच्या बैठकीत मी मोबाइलवर खऱ्या जुन्या मस्सेरियांचे फोटो दाखवत होते. सगळ्या जणी काय देखणं, काय देखणं म्हणत होत्या. आमच्यातल्या एका सत्तरीच्या आजीने फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "घर लई मोठं हाय. पर कामाच्या बाया निजायच्या कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही. इतिहास घेऊन बी.ए. केलेलं, तरी नाही. मग मिळेल तसं वाचत गेले.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. त्या बुटाची टाच म्हणजे पुलिया. तिन्ही बाजूंना समुद्र, पण गोड्या पाण्याची बोंब. बऱ्याच भागात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या दुष्काळी तालुक्यांइतकाच. त्यात तो पडतो हिवाळ्यात आणि उन्हाळा जातो ठणठणीत कोरडा. जमिनीखाली चुनखडीचा दगड, त्यामुळे पडलेलं पाणी झिरपून खाली निघून जातं. सांगण्यासारख्या नद्या फारशा नाहीत. बारी हे तिथलं मोठं शहर. तिथं नळाचं पाणी पोचलं १९१५ साली, आणि तेही डोंगरापलीकडच्या सेले नदीचं, डोंगर पोखरून आणलेलं. तोवर पावसाचं जेवढं साठवलं तेवढंच आपलं.

म्हणून मस्सेरिया समजून घ्यायची तर भिंतीपासून नको, टाक्यापासून सुरुवात करू. अंगणाखालचा दगड कोरून टाकं करायचे, तोंड अरुंद आणि पोट मोठं. छताला उतार असा द्यायचा की पावसाचा थेंब न थेंब पन्हळीतून त्या टाक्यात उतरावा. टाकं खोदताना निघालेला दगड भिंतींना वापरायचा. लाकूड तिथं दुर्मीळ, म्हणून छतसुद्धा दगडाचंच, कमानी एकमेकींत गुंतवून पेललेलं. भिंती हातभराहून कितीतरी जाड. उन्हाळ्यात आत गारवा, आणि बाहेरून चुन्याची सफेदी, म्हणजे ऊन परतून जातं. बांधकाम म्हणून पाहिलं तर हे घर फार शहाणं आहे, यात वाद नाही. शेताभोवतीचे गडगे बघा. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. त्या कलेची नोंद २०१८ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली, आणि त्या वेळी त्या नोंदीत इटलीसोबत आणखी सात देश होते.

पण पाण्याखेरीज आणखी एका गोष्टीने हे घर घडवलं. ती म्हणजे भीती. १४८० साली ऑटोमन आरमाराने टाचेच्या टोकाचं ओट्रांटो शहर घेतलं, फार माणसं मारली गेली. पुढची दोन-तीनशे वर्षं समुद्रावरून चाचे येत राहिले. त्या काळी समुद्राच्या दोन्ही काठांवरचे लोक एकमेकांची माणसं पळवून गुलाम करत, कुणी एकच वाईट होता असं नाही. मग सोळाव्या शतकात किनाऱ्यावर टेहळणीचे बुरूज उभे राहिले. एका बुरुजावरून धूर दिसला की पुढच्याने इशारा द्यायचा. आतल्या शेतघरांनीही बुरूज चढवले. काही ठिकाणी तर जिना घराला लागलेलाच नसे. जिना आणि वरच्या मजल्याचा दरवाजा यांच्यामध्ये लाकडी फळी टाकायची, संकट आलं की फळी ओढून घ्यायची. मुख्य दरवाजाच्या बरोबर वर, भिंतीतून पुढे आलेला एक सज्जा असतो, त्याला खाली भोक. दरवाजा फोडायला आलेल्यांवर तिथून दगड टाकायचे, उकळतं पाणी किंवा उकळतं तेल ओतायचं, असं सांगतात. तेलाचं मला पटत नाही. वर्षभराची कमाई ते तेल, ते कोण ओतून देईल? घरात बाई असेल तर पाणीच उकळलं असेल तिनं.

आता त्या दरवाजातून आत चला.

दरवाजा एकच. गाडी जाईल एवढा मोठा. गहू, लोकर, चीज, तेल, माणसं, जनावरं, सगळं या एकाच दरवाजातून आत-बाहेर जाणार. हे संरक्षणासाठी होतं, हे खरं. पण मला वाचता वाचता वाटलं, मोजदादीसाठीही होतं. काय आलं, काय गेलं, किती पोती, किती घागरी, सगळं एका माणसाच्या डोळ्यांखाली. तो माणूस म्हणजे मस्सारो, आपल्या भाषेत कारभारी किंवा खंडकरी. मालक बहुधा तिथं राहायचाच नाही. मालक कोणी सरदार, कोणी धर्ममठ, पुढे शहरातला सावकार-वकील. ते राहणार नेपल्सला, लेच्चेला. सुगीला नाहीतर उन्हाळ्यात चार दिवस येणार. पण वरचा मजला त्यांचा, वर्षभर बंद. वारा वरती, उजेड वरती, रंगवलेल्या भिंती वरती.

खाली चौक. चौकाभोवती तबेला, गोठा, गव्हाणी, धान्याची कोठारं, चीज करायची खोली, भाकरीची म्हणजे पावाची मोठी भट्टी. एका बाजूला छोटं देऊळ, म्हणजे चर्च. त्याचं एक दार बऱ्याचदा बाहेर उघडतं, म्हणजे रविवारी मजुरांनी प्रार्थनेला यावं पण चौकात शिरू नये. बाहेर फरसबंदी खळं. उंच भिंतींच्या आत लिंबू-संत्र्याची बाग, कारण समुद्राचा खारा वारा मोहर जाळतो. आणि कबुतरखाना! हा मला फार आवडला. गोल किंवा चौकोनी मनोरा, आत भिंतीभर कोनाडे, काही मनोऱ्यांत हजारोंनी. कबुतरं खायलाही उपयोगी आणि त्यांची विष्ठा खत म्हणूनही. म्हणजे पक्ष्यांसाठी प्रत्येकाला स्वतंत्र कोनाडा होता, हे लक्षात ठेवा. आजीच्या प्रश्नाकडे आपण येतोच आहोत.

त्याआधी घाणा. पुलियाचं खरं सोनं ऑलिव्हचं तेल. फळ जांभळाएवढं, कडू. कितीतरी मस्सेरियांचा तेलघाणा जमिनीच्या पोटात असे, खडक कोरून केलेला. कारण थंडीत ऑलिव्हचं तेल गोठतं, आपलं खोबरेल गोठतं तसं. खाली ऊब टिकते. शिवाय वरच्या भोकातून फळं सरळ आत ओतता येतात, आणि चोरीचं भय कमी. आपल्याकडची जुनी चुन्याची घाणी ज्यांनी पाहिली असेल त्यांना लगेच कळेल. गोल कुंड, त्यात उभं फिरणारं दगडी चाक, आणि ते फिरवणारं खेचर. चिरडलेला लगदा गवताच्या विणलेल्या चकत्यांमध्ये भरायचा, चकत्या एकावर एक रचायच्या आणि दाबयंत्राखाली पिळायच्या.

आत काम करणारे पुरुष शरद ऋतूत एकदा खाली उतरले की वसंतापर्यंत तिथंच. रात्रंदिवस पाळ्या. उजेड तेलाच्या दिव्याचा, शेजारी खेचर, तिथंच जेवण, तिथंच झोप. त्यांच्या मुकादमाला नाकीरो म्हणत. हा शब्द जहाजाच्या तांडेलावरून आला. त्या माणसांना समुद्र दिसत नव्हता, आभाळही दिसत नव्हतं, आणि मुकादमाचं नाव जहाजाचं!

हे तेल खायला कमी आणि दिव्यात जास्त जायचं. गाल्लिपोली नावाच्या बंदरातून अठराव्या शतकात ते जहाजांनी इंग्लंडला, रशियाला जाई. लंडनच्या रस्त्यांवरचे दिवे त्यावर जळत. पुढे रॉकेल आणि गॅस आला आणि तो धंदा बसला.

आणि फळं वेचत कोण होतं? बाया. तेलाची फळं झाडावरून तोडत नसत, पिकून खाली पडू देत. मग हिवाळ्याच्या गारठ्यात, ओल्या मातीत, कमरेत वाकून एकेक फळ वेचायचं. पावट्याच्या शेंगा किंवा कपाशी वेचलेल्या बाईला ते दुखणं सांगायला नको.

आता उत्तर. त्या घरात बहुतेक बाया निजायच्याच नाहीत. मजूर कुटुंबं राहायची शहरवजा मोठ्या गावात, एका खोलीत दहा जणं आणि सोबत गाढव-कोंबड्या. पहाटे अंधारात गावच्या चौकात उभं राहायचं, कारभाऱ्याचा माणूस येऊन हवे तेवढे हात निवडून न्यायचा, मग कोसभर-दोन कोस चालत शेत गाठायचं. ज्या लांबच्या गावांहून हंगामापुरत्या यायच्या, त्या कोठारात नाहीतर छपरात पेंढ्यावर अंग टाकायच्या. घरात हक्काने निजणारी बाई एकच, कारभाऱ्याची बायको. चीज, कोंबड्या, भट्टी, किल्ल्या तिच्याकडे. तिलाही घर आपलं म्हणता येत नव्हतं, कंत्राट संपलं की गाठोडं बांधायचं.

विसाव्या शतकात इटलीत शेतीच्या हिशेबासाठी एक पद्धत होती. पुरुषाच्या दिवसभराच्या कामाला एक धरलं तर बाईच्या कामाला ०.६ धरायचं, पोराच्या कामाला ०.५. सेर्पिएरी नावाच्या शेतीतज्ज्ञाचा गुणक म्हणून तो ओळखला जातो. फळं वेचणारी बाई दिवस संपेपर्यंत पुरुषाइतकीच वाकलेली, पण कागदावर तिचे रुपयाला साठ पैसे. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. सगळ्या हसल्या.

इथं जरा बाजूला जाते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच भागात उन्हाळ्याच्या कापणीत बायांना कोळी चावायचा म्हणे. तारांतुला नावाचा. मग ती बाई जमिनीवर लोळणार, ओरडणार, आणि डफ-व्हायोलिन वाजवणारे बोलावून तिला दिवसच्या दिवस नाचवलं की शांत होणार. २९ जूनला गालातिना गावच्या चर्चात त्या बाया जमायच्या. १९५९ साली एर्नेस्तो दे मार्तिनो नावाचा अभ्यासक डॉक्टर आणि मानसतज्ज्ञ सोबत घेऊन तिथं गेला. त्याला दिसलं की बहुतेक बाया आहेत, गरीब शेतमजूर आहेत, आणि दर वर्षी ठरल्या दिवसांत त्यांना तोच कोळी 'चावतो'. विष कोळ्याचं नव्हतं. मनाविरुद्ध लग्न, मेलेलं माणूस, न बोललेलं दुःख, ते वर्षातून एकदा बाहेर यायचं. अंगात येणं आपल्याला काही नवीन नाही. त्याने १९६१ साली यावर पुस्तक लिहिलं.

मग ही माणसं गप्पच बसली का? नाही. चेरिन्योला गावात १८९२ साली ज्युसेप्पे दी व्हित्तोरिओ जन्मला. वडील शेतमजूर, ते लहानपणीच गेले, मग हा पोरवयातच रानात कामाला लागला. शाळा सुटली. न कळणारे शब्द तो वहीत लिहून ठेवायचा, आणि पुढे पैसे जमवून जुना शब्दकोश विकत घेतला. १९२० च्या नाताळात एका बड्या जमीनदाराच्या कारभाऱ्याने त्याच्या घरी खाण्याच्या वस्तूंची भेट पाठवली. घरात चणचण होती. तरी त्याने अदबीने पत्र लिहून ती परत केली, कारण लोकांना वाटेल हा विकला गेला. हाच माणूस पुढे खासदार झाला आणि इटलीच्या सर्वांत मोठ्या कामगार संघटनेचा प्रमुख झाला. १९५७ साली वारला.

मध्ये दुसरं महायुद्ध. १९४३ च्या सप्टेंबरात पुलियातल्या तारांतो बंदरात आठवी भारतीय डिव्हिजन उतरली. त्यात मराठा पलटणही होती. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव याच पलटणीचे. पुढे उत्तरेकडे सेनिओ नदीवर १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तारांतोहून वर जाताना आपल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी ही पांढरी घरं पाहिली असणारच.

युद्ध संपलं तेव्हा भूक होती, आणि मोठ्या मालकांच्या जमिनी पडीक होत्या. लोक बाया-पोरांसह पडीक रानात शिरून नांगर धरू लागले. २९ ऑक्टोबर १९४९ ला बुटाच्या चवड्याकडे, कालाब्रिया प्रांतातल्या मेलिस्सा गावात पोलिसांनी अशा लोकांवर गोळ्या चालवल्या. तिघं गेली. फ्रांचेस्को नीग्रो, जोव्हान्नी झितो आणि आंजेलिना माउरो. आंजेलिना पंचविशीच्या आतली होती. देश हादरला. १९५० साली आधी कालाब्रियासाठी आणि मग पुलियासकट इतर भागांसाठी जमीन वाटपाचे कायदे झाले. मालकांना सरकारी रोख्यांत मोबदला, आणि जमिनीचे तुकडे मजुरांना, फुकट नव्हे, तीस वर्षांच्या हप्त्यांनी. आपण छत्तीस महिन्यांच्या हप्त्याला घाबरतो! त्यासोबत अट होती की जमीन मिळालेल्याने वीस वर्षं सहकारी संस्थेत राहायचं. एकट्याने बी, औजार, बाजार जमणार नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं. तरी सगळं गोड झालं नाही. तुकडे लहान, रान खडकाळ. एकेका शेतात एकेक पांढरं घर सरकारने बांधून दिलं, पण चौकात, शेजारात राहायची सवय असलेल्या बाईला माळावरच्या एकट्या घरात कसं करमणार? पुष्कळ घरं ओस पडली. पुरुष उत्तरेच्या कारखान्यांत, जर्मनीत गेले.

मस्सेरियाही ओस पडल्या. छपरं बसली, टाक्यांत काटेरी झुडपं वाढली. मग पर्यटन आलं. १९८५ साली इटलीत कृषी पर्यटनाचा कायदा झाला. त्याचं मूळ सूत्र असं की पाहुणे ठेवा, पण मुख्य धंदा शेतीचाच राहिला पाहिजे. आपल्याकडे कृषी पर्यटनाचा विचार करणाऱ्या गटांनी हे सूत्र जरूर बघावं. काही मस्सेरियांत आजही तेच कुटुंब चीज करतं, तेल काढतं आणि चार खोल्या भाड्याने देतं. काही मात्र निव्वळ महागडी हॉटेलं झाली. जिथं खेचर बांधलेलं असे तिथं आता मऊ गादी, आणि गव्हाणीत फुलं ठेवलेली. पडून मातीत जाण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत आहे. फक्त भिंतीवरच्या पाटीवर सरदाराचं नाव असतं तसं वेचणाऱ्यांबद्दलही एक ओळ असायला हवी होती.

आणि वेचणाऱ्या अजून आहेत. २०१५ च्या जुलैत पुलियाच्याच एका द्राक्षमळ्यात एक शेतमजूर बाई काम करता करता कोसळली आणि गेली. रात्रीच घर सोडून, मजुरांच्या बसमधून लांबच्या मळ्यावर यायची, हातात मजुरी अगदी तुटपुंजी. तिच्या नवऱ्याने आणि मजूर संघटनेने प्रकरण सोडलं नाही. २०१६ साली इटलीत मुकादमीच्या पिळवणुकीविरुद्ध कडक कायदा झाला, आणि त्यात मुकादमाबरोबर जमीनमालकालाही शिक्षा आहे. ऊसतोडीला गेलेल्या सख्यांनो, हा मुद्दा टिपून ठेवा.

हे सगळं आजीला सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "आन् ती झाडं? ती हायती का?"

झाडांचं असं झालं. २०१३ साली गाल्लिपोलीच्या आसपास ऑलिव्ह वाळताना दिसले. झायलेला नावाचा जिवाणू, फेसात राहणारा एक बारीक किडा तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजतात आणि झाड उभं वाळतं. शेकडो वर्षांची, चार माणसांच्या कवेत न मावणारी झाडं गेली. टाचेच्या भागात लक्षावधी झाडं वाळली. औषध अजून नाही. पण लेच्चीनो आणि फावोलोझा या दोन जाती रोगाला बऱ्यापैकी तोंड देतात असं दिसलं, आणि त्यांची नवी लागवड सुरू आहे. काही शेतकऱ्यांनी जुन्या बुंध्यांवर लेच्चीनोची कलमं बांधून पाहिली. बुंधा आजोबांचा, फांदी नवी. त्यातली काही कलमं जगली आहेत.

आजीने विचारलं, कलम कोणत्या महिन्यात बांधतात. ते बघून पुढच्या वेळी सांगते. आणि हो, पुढच्या भागात मसाला कांडप यंत्राच्या अनुदानाचे कागद कोणते लागतात ते बोलू, वही-पेन जवळ ठेवा. येते.